दोन निळे डबे घेऊन बंदी भागात

चिपळूणहून दारव्ह्याला पोचायला मला दीड दिवस लागला आणि पोचल्यावर जो भेटला त्याने एकच प्रश्न विचारला, "मे महिन्यात कायले आल्या?" रिक्षावाल्याने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, पाण्याचा तांब्या हातात देता देता कुंदाच्या आईनेही विचारलं. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे मे महिना म्हणजे घामाच्या धारा. इथे घाम येतच नाही. यायच्या आत वाळतो. तांब्या संपवून खाली ठेवेपर्यंत पुन्हा तहान लागलेली असते.

मी आले होते कुंदासाठी. परभणीला आम्ही दोघी एका वसतिगृहात, एकाच खोलीत राहिलो होतो. मी गृहविज्ञान शिकले आणि चिपळूणला तेच शिकवते. ती जनावरांची डॉक्टर झाली. दिग्रसच्या एका छोट्या संस्थेची जीप घेऊन ती आडगावांत फिरते, जनावरं तपासते, लस टोचते. पंधरा वर्षं पत्रांतून ती लिहीत होती, "एकदा येऊन पाहा." या सुट्टीत गेले.

दोन हजार पाच-सहाचा तो काळ. कापसाने दगा द्यायची ती सलग कितवी तरी खेप होती. वर्तमानपत्रांत यवतमाळचं नाव रोज येत होतं आणि ज्या कारणाने येत होतं ते वाचून माझ्या घरचे म्हणाले होते, आत्ताच कशाला जातेस. कुंदाने मला त्यातली वेगळी बाजू दाखवली. कापसावरचा विश्वास उडाल्यावर घराघरांतल्या बायकांनी बकऱ्या वाढवल्या होत्या. चार बकऱ्या असल्या की घर उभं राहतं. त्या कळपांतच आता बकऱ्यांचा प्लेग शिरला होता. डोळे-नाक वाहतं, तोंड येतं, हगवण लागते आणि आठ दिवसांत कळप रिकामा होतो. उपाय एकच, आजार पोचायच्या आत लस.

"बंदी भागात जायचं हाय," कुंदा म्हणाली. "ड्रायव्हर बहिणीच्या लग्नाले गेला. मी चालवतो गाडी. तू सोबत चाल."

पैनगंगेच्या अभयारण्यातल्या गावांना तिकडे बंदी भाग म्हणतात. उमरखेड सोडलं की पुढे पंप नाही, गॅरेज नाही, मोबाइलला रेंज नाही. म्हणून जादा डिझेल बरोबर घ्यायचं. कुंदाचा चुलतभाऊ यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एका कारखान्यात कामाला आहे, त्याने वीस-वीस लिटरचे दोन निळे प्लास्टिकचे डबे दिले होते. एकात प्यायचं पाणी, दुसऱ्यात डिझेल. दोन्ही डबे हुबेहूब सारखे. कुंदाने डिझेलच्या डब्याच्या मुठीला लाल कापडाची चिंधी बांधली आणि मला दाखवून म्हणाली, "हे ध्यानात ठेव." मी मान डोलावली. गृहविज्ञानाची बाई आहे मी. मीठ आणि साखर वेगळ्या डब्यांत ठेवायला पोरींना शिकवते.

दिग्रस, उमरखेड

निघायच्या सकाळी कुंदाच्या आईने तर्री-पोहे केले. रस्सा इतका जहाल की माझे डोळे वाहायला लागले आणि त्या माउलीने काळजीने विचारलं की मला सर्दी झाली का. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडून कुंदा निघाली. आईने ज्वारीच्या भाकरी, झुणका, ठेचा आणि कांदे एका फडक्यात बांधून दिले. कोकणातल्या माझ्या सासूबाई प्रवासाला दशम्या देतात, त्यांच्या दुप्पट ते गाठोडं होतं.

दिग्रसला संस्थेच्या फ्रिजमधून लशीच्या बाटल्या घेतल्या. करंगळीएवढी बाटली, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी, आणि त्या एकीत शंभर बकऱ्यांची लस. जिनिंगच्या कारखान्यांसमोर शुकशुकाट होता. कुंपणाच्या तारांना कापूस चिकटून राहिला होता, जणू तिथून मोठा कळप अंग घासत गेला असावा.

उमरखेडला मुक्काम केला. सकाळी बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून आणली, लशीच्या पेटीत भरली आणि शेवटच्या पंपावर गेलो. तिथे माझी शिकवणी झाली. पंपावरचा माणूस डबा गाडीतच ठेवून भरायला निघाला होता. कुंदाने तो खाली जमिनीवर ठेवायला लावला. गाडीत ठेवून कधी भरायचं नाही, ठिणगी पडायला काय लागतं, म्हणाली. काठोकाठही भरू दिला नाही. वर चार बोटं जागा ठेवली, कारण उन्हात डिझेल फुगतं. डब्यातून टाकीत ओतायला तिच्याकडे नरसाळं होतं, त्यावर धरायला मलमलचं फडकं होतं आणि एक पारदर्शक नळीही होती. नळी तोंडाने ओढायची नाही, हे तिने दोनदा सांगितलं. सगळी नळी डब्यात बुडवायची, वरचं टोक अंगठ्याने दाबायचं, ते टाकीपर्यंत खाली आणायचं आणि अंगठा काढायचा. डिझेल आपोआप येतं. मला ते फार आवडलं. मी झाकण लावायचं काम मागून घेतलं आणि लावलं.

ते झाकण आट्यांवर तिरकं बसलं होतं. हे दीड तासाने कळलं, जंगलातल्या पहिल्या ओढ्यात जीप आपटली तेव्हा. डबा कलंडला होता. मागचं गोणपाट, माझी पिशवी, भाकरीचं गाठोडं, सगळं डिझेलने न्हालं. डब्यात तळाशी ओंजळभर राहिलं. कुंदाने गाठोडं उघडून वास घेतला, पुन्हा बांधलं आणि शांतपणे म्हणाली की झुणका आता गाडीलेच खाऊ घालावा लागन. मी इतकी ओशाळले की हसता येईना. मग तिनेच मोठ्याने हसून मोकळं केलं. टाकीत अजून पुरेसं आहे, म्हणाली.

पहिल्या गावात लस टोचून झाली. माझं काम बकरी धरायचं. बकरी धरणं आणि कोकणातल्या लग्नात रुसून निघालेल्या वरमाईला धरून ठेवणं सारखंच अवघड. सगळं झाल्यावर एका घरातल्या बाईने चहाचं पातेलं तसंच चुलीवरून उचलून बाहेर आणलं आणि हात भाजत होता म्हणून इकडेतिकडे पाहायला लागली. मी गाडीकडे धावले, हाताला लागली ती लाल चिंधी सोडली आणि तिला दिली. चहा गोड होता. चिंधी तिथेच राहिली.

याडीची चक्की

दुसरं ठिकाण म्हणजे बंजाऱ्यांचा एक तांडा. वीज आलेली नव्हती. तांड्याच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल इंजिनावर चालणारी पिठाची चक्की होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे 'याडी' म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. साठीच्या पुढच्या, काटक, हातभर पांढऱ्या बांगड्या, चेहरा पिठाने पांढरा. नवरा गेल्यावर इंजिन कोण चालवणार म्हणून लोकांनी चक्की विकायला सांगितली, तेव्हा त्यांनी स्वतः पाना हातात घेतला. आसपासच्या तीन वस्त्या त्यांच्याकडे दळायला येतात.

जीपचा डिझेलचा काटा कधीच बंद पडलेला. कुंदाने टाकीत बांबूची कामटी घालून पाहिली आणि म्हणाली, पाच-सहा लिटर असेल. डब्यात तळाशी आहे तेही टाकून घे, मी आजारी बकरी पाहून येते. आणि ती गेली.

अंगाला, कपड्यांना, गोणपाटाला, सगळीकडे डिझेलचा वास. मी हाताला लागला तो डबा उचलला. जड लागला. मला वाटलं, अरे वा, कुंदाला वाटलं त्यापेक्षा बरंच वाचलंय. नरसाळं लावलं, मलमल धरली, अगदी सांगितल्याप्रमाणे सावकाश ओतायला लागले. सात-आठ लिटर गेलं असेल. थोडं पायावर सांडलं आणि पायाला बरं वाटलं. गार वाटलं. मग मी ओतायची थांबले. डिझेल असं गार लागत नाही. ते पाणी होतं.

कुंदा परत आली तेव्हा मी डबा छातीशी धरून उभी होते. मी सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "गाडी चालू केली काय?" मी नाही म्हटलं. तिने डोळे मिटून श्वास सोडला. इंजिनात पाणी गेलं नव्हतं, एवढंच बरं. पण टाकी रिकामी केल्याशिवाय जीप हलणार नव्हती, आणि पेटीतला बर्फ कुणासाठी थांबणार नव्हता. या तांड्यानंतर नऊ किलोमीटरवर आंध आदिवासींची एक वाडी होती. तिच्या पलीकडच्या गावात प्लेगने बकऱ्या मरायला लागल्या होत्या. खरी निकड त्या वाडीचीच होती. तांड्यात एक मोटारसायकल होती, ती मालकासकट लग्नाला गेलेली. चालत तीन तास, आणि ऊन पंचेचाळीसचं.

नळी घालून पाहिली. टाकीचं तोंड वाकडं, नळी तळाला पोचेना. पाणी जड, ते तळाशीच बसलेलं. तळाचं नट काढणं हा एकच मार्ग, आणि नट गंजून टाकीशी एकजीव झालेलं. दोन तरुण हातोडा घेऊन आले. याडींनी त्यांना मागे सारलं.

"ठोकाल त नटबी जाईन अन् टाकीबी," त्या म्हणाल्या. "रॉकेल सोडा त्याच्यावर. घंटा-दीड घंटा बसू द्या. लोखंडाले घाई कळत नाही."

त्या जीपखाली आडव्या झाल्या, नटाभोवती चिंधी गुंडाळली, तिच्यावर थेंब थेंब रॉकेल सोडलं आणि बाहेर येऊन पुन्हा चक्की सुरू केली. इंजिनाचा ठोका रानात लांबवर जातो. ठोका ऐकला की वस्त्यांवरून लोक दळण घेऊन निघतात. कुंदाने तेवढ्यात ठरवलं की जीप जाऊ शकत नाही तर बकऱ्यांनी यावं. दळण घेऊन आलेल्या बायांना तिने परत पिटाळलं, बकऱ्या घेऊन या म्हणाली. तासाभरात चक्कीसमोर ही गर्दी झाली. एकीकडे ज्वारी दळली जात होती, दुसरीकडे सुई टोचली जात होती, आणि मधल्या गोंधळात एका बोकडाने कुणाचं तरी अर्धं टोपलं पीठ खाल्लं. त्याला दोन्हीकडून मार बसला.

दुपारी याडींनी आम्हाला जेवायला बसवलं. बाहेरच, निंबाच्या सावलीत. घरात जागा नव्हती. भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस आढ्यापर्यंत भरला होता. त्यात किडे होतात, अंगाला खाज सुटते, म्हणून सगळं कुटुंब महिनोन् महिने अंगणात. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कच्च्या कैरीची चटणी. मी मासे खाणारी बाई, पण इतकं चवीने कधी जेवले नव्हते. याडींनी विचारलं की आमच्याकडे काय पिकतं. मी भात, आंबा, काजू सांगितलं. कापूस नाही? नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मंग तुमी लोक चिंता कायची करता? मी पावसाची म्हटलं, फार पडतो. त्यांना तो विनोद वाटला. शेजारणीला बोलावून त्यांनी तो सांगितला.

नट शेवटी सुटलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. याडींनी पाना लावून एक दम घेतला आणि कर्र आवाज झाला. खाली घमेलं ठेवलं. आधी पाणी आलं, मग पांढुरकं मिश्रण, मग डिझेल. त्या प्रत्येक वेळी धारेत बोट घालून अंगठ्यावर चोळून पाहत होत्या. पाणी बोटाला बोट चिकटू देतं, डिझेल घसरवतं. माझंही बोट धरून त्यांनी धारेत घातलं आणि फरक दाखवला. निघालेलं सगळं त्यांनी एका पिंपात ओतलं. ते उद्यापर्यंत निवळेल, पाणी खाली बसेल, मग वरचं डिझेल बकरीच्या मऊ कातड्यातून गाळून चक्कीला वापरेन, म्हणाल्या. मग शेडमधून चक्कीचा डबा आणला आणि त्यातलं सगळं स्वच्छ डिझेल आमच्या टाकीत रिकामं केलं.

मी विचारलं, आजचं उरलेलं दळण?

"उद्या दळन," त्या म्हणाल्या. "बकरी उद्या मेली त परवा जित्ती होत नाही."

वाडी

वाडीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पैनगंगा खाली पांढऱ्या वाळूतून बारीक वाहत होती. सखाराम नावाचा म्हातारा आणि त्याची बायको वाटेवरच उभे होते. सकाळपासून वाडीतल्या सगळ्या बकऱ्या त्यांनी एका काटेरी कुंपणात कोंडून ठेवल्या होत्या, डॉक्टरीण येणार म्हणून. बकऱ्या उपाशी ओरडत होत्या.

कुंदाने जीपच्या मागे जाऊन पेटी उघडली. मी शेजारी होते. आत बर्फाचा खडाही नव्हता. तिने पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पाणी कोमट होतं. बाटली बाहेर काढून तिने उन्हाकडे धरली. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं. भुकटी सकाळी होती तशीच पांढरी होती.

तिने सखारामला जवळ बोलावून सांगितलं की लस खराब झाली, आज टोचता येणार नाही. त्याला ते पटेना. समोर बाटली आहे, सुई आहे, बकऱ्या आहेत. थोडी गरम झाली तर काय झालं, टोचून टाका, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. लोक जमले. एक बाई रडायला लागली. मला वाटलं, टोचावं. त्यांचं समाधान तरी होईल. मी कुंदाच्या कानाशी तसं म्हणालेही.

"टोचली त या लोकायले वाटन बकऱ्या वाचल्या," ती मला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हे लोक त्या खुशाल नदीवर सोडतीन. अन् सगळ्या मरतीन. मी पाणी टोचत नाही."

तिने बाटली फोडली, जमिनीत पुरली. मग मीच पुढे झाले. मी सांगितलं की चूक यांची नाही, माझी आहे. टाकीत पाणी मी ओतलं. माझी कोकणी बोली त्यांना किती कळली माहीत नाही. सखारामने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, तुमी कुठच्या? मी सांगितलं. एवढ्या लांबून आल्या, एवढंच तो म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुंदाने मग त्याला नीट समजावलं. नवी लस यायला आठवडा लागेल, पुढच्या मंगळवारी मी येते. तोपर्यंत एकही बकरी कुंपणाबाहेर सोडायची नाही. नदीवर नाही, रानात नाही, पलीकडच्या गावच्या कळपाजवळ तर नाहीच. चारा-पाणी इथेच आणून द्यायचं. भर मे महिन्यात साठ-सत्तर बकऱ्यांना कोंडून पोसायचं म्हणजे काय, हे सांगणाऱ्या बाईलाही माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही. सखाराम हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

त्या रात्री आम्ही याडींच्या अंगणात झोपलो. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मी कुंदाला म्हटलं की मी मंगळवारपर्यंत थांबते. गुरुवारचं तिकीट होतं. ती म्हणाली, तुले कोणी काही म्हटलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

पुन्हा वाडी

दारव्ह्यातले ते दिवस मी कुंदाच्या आईबरोबर कुरड्या-सांडगे घालण्यात घालवले. त्यांनी मला पातोडीचा रस्सा शिकवला, मी त्यांना सोलकढी शिकवली. त्यांनी ती एक घोट घेऊन बाजूला ठेवली आणि छान आहे म्हणाल्या. मनातून मी सारखी त्या कुंपणाशी होते. मंगळवारपर्यंत कुणी थांबेल असं मला वाटत नव्हतं. उपाशी जनावर ओरडत असताना, नदी समोर दिसत असताना, कोण एका परक्या बाईच्या शब्दावर थांबतं?

मंगळवारी पहाटे उमरखेडहून निघालो. बर्फ दुप्पट घेतला. डिझेलचा डबा मी भरला, चार बोटं ठेवून. झाकण लावून डबा उलटा करून पाहिला आणि दोराने बांधला. पाणी पितळेच्या कळशीत घेतलं. वाटेत याडींचं डिझेल त्यांना परत दिलं आणि न थांबता पुढे गेलो.

वाडी आली. आधी ऐकू आलं ते बकऱ्यांचं ओरडणं. मग कुंपण दिसलं. कुंपण बंद होतं. आत सगळ्या बकऱ्या होत्या, बाजूला उंबराच्या आणि पिंपळाच्या पाल्याचे भारे पडले होते. सखारामची बायको डोक्यावर दोन घागरी घेऊन नदीकडून चढण चढत होती. तिच्या मागे आणखी चार बाया, त्यांच्याही डोक्यावर घागरी. आठ दिवस त्यांनी नदी अशी उचलून वर आणली होती. पलीकडच्या गावात तोवर एकही बकरी उरली नव्हती. इथे एकीचंही नाक वाहत नव्हतं.

सखाराम पाल्याच्या भाऱ्याला टेकून बसला होता. त्याचे हात काट्यांनी ओरखडलेले होते. आम्हाला पाहून तो उठला.

"मंगळवार म्हनलं होतं तुमी," तो म्हणाला.

कुंदाने मान हलवली. पेटीत हात घालून तिने बर्फ चाचपला, बाटली काढली, आणि आम्ही कामाला लागलो. दोन तासांत सगळ्या बकऱ्या झाल्या. मी एकही निसटू दिली नाही.

शेवटच्या बकरीला टोचून झाल्यावर सखारामने कुंपणाच्या तोंडावरचा काटेरी झापा ओढायला हात घातला. कुंदाने त्याचा हात धरला. लस अंगात मुरायला वेळ लागतो, ती हळूच म्हणाली, अजून दहा दिवस सोडता येणार नाहीत. मला वाटलं, आता मात्र हा माणूस ओरडेल. त्याने कुंदाकडे पाहिलं, बकऱ्यांकडे पाहिलं, खाली नदीकडे पाहिलं. मग झापा पुन्हा नीट लावला, कुंपणाला अडकवलेला विळा काढला आणि उंबराच्या दिशेने चालायला लागला.

आमची गाडी निघायला तास-दीड तास होता. पदर खोचून मी त्याच्या मागे गेले. तो वर चढला, मी खाली उभी राहून पाला गोळा करत होते आणि भारे बांधत होते. सहा भारे झाले. सगळे मी वाहिले.